पाहुण्यांसाठी धुतलेला तलाव

दिवाळीनंतरचा पहिला शनिवार, सकाळ. ठिकाण: एकोडीच्या पुढच्या एका गावातल्या तलावाची पाळ. हजर: हरित न्यायाधिकरणाने नेमलेल्या समितीचे सदस्य, पाण्याचे नमुने घेणारा तंत्रज्ञ, तलाठी, राईस मिलचे मॅनेजर आणि त्यांचे वकील, अर्जदारांतर्फे मी, अर्जदार क्रमांक एक कौसल्याबाई दिघोरे, पाणी वापर संस्थेचे यादोराव कापगते आणि उरलेलं सगळं गाव. गैरहजर: घाण.

नोंद काही वर्षांपूर्वीची आहे. शेवटचे दोन शब्द मात्र आजचे; त्या दिवशी ते लिहिण्याइतकी मी शांत नव्हते. हजेरीने सुरुवात करण्याची सवय वडिलांकडून आली. ते चिखल्याला खाणीच्या ऑफिसात हजेरी लावायचे आणि घरी जेवायला बसतानाही कोण आलं, कोण यायचं आहे हे मोठ्याने म्हणून घ्यायचे. आई चिडायची, "हे पंगत होय का शिफ्ट होय?" पण त्यांचं एक म्हणणं मी वकिलीत कायम पाळलं. कामापुढे ते करणाऱ्याचं नाव लिहावं. नाव नसलेलं काम होत नाही.

आज पुन्हा दिवाळीनंतरचा पहिला शनिवार. लाखनीत हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेतून गाडी बाहेर काढली, साकोलीच्या अलीकडून आत वळवली आणि काच खाली केली. लवकर पिकणारा हलका धान कापून झालेला, त्याचे पुंजणे रचलेले. भारी धान अजून उभा, ओंब्या खाली झुकलेल्या, आणि त्याच्या पायाशी लाखोळीचे कोवळे अंकुर. एक पीक उभं असतानाच त्याच्या पायात दुसरं पेरून ठेवायची इथली रीत आहे. धान कापणाऱ्याने पाय जपून टाकावा लागतो. रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांचे काळे ढीग. विजेच्या खांबांवर मंडईची, दिवाळीनंतरच्या गावोगावच्या जत्रेची, पोस्टरं: कुठे दंडारीचं लोकनाट्य, कुठे नाटक, कुठे दोन्ही.

मंडईच्या तारखांकडे माझं लक्ष जातं, ते धंद्यामुळे. जवळची दोन गावं एका दिवशी मंडई ठेवत नाहीत. दुकानं लावणारे, दंडारीची मंडळी, पाहुणे सगळ्यांना वाटून मिळावेत, म्हणून तारखा आपसात ठरतात. स्पर्धा कायद्यात याला बाजारपेठ वाटून घेणं म्हणतात आणि त्याला दंड आहे. इथे याला शेजारधर्म म्हणतात आणि त्याला जेवण आहे.

या कायद्यात मी मुंबईत घडले. तिथल्या सॉलिसिटर फर्ममध्ये माझी पहिली अनेक वर्षं गेली ती संगनमताची प्रकरणं हाताळण्यात. एकाच वस्तूचे चार उत्पादक एकाच आठवड्यात तेवढाच भाव वाढवतात; तो योगायोग होता की ठरवून केलं होतं, एवढाच प्रश्न. आम्ही थंड खोल्यांमध्ये बसून दुसऱ्यांचे ईमेल वाचायचो. 'आपलं ठरलं तसं' असं कुणीतरी कुणालातरी लिहिलेलं सापडेपर्यंत वाचायचो. माणसांनी एकमेकांशी जुळवून घेतलं की ते संशयास्पद, अशी नजर त्या कामाने दिली. नजर चांगली होती. पगारही चांगला होता.

वडील गेल्यावर आईसाठी परत आले. भंडाऱ्यात ऑफिस काढलं आणि पहिलं मोठं प्रकरण पुन्हा त्याच कायद्यातलं मिळालं. खनिजाच्या वाहतुकीसाठी सगळ्या ट्रकमालकांनी एकच दर भरला होता, पैशांपर्यंत सारखा. चौकशीत त्यांच्या म्होरक्याला विचारलं, हे कसं? तो म्हणाला, "आमी सप्पा एकाच टपरीवर चाय पेतो मॅडम. मंग भाव बी एकच निंगते." अधिकारी हसले. मीही हसले असते, पण मी त्याच्या विरुद्ध बाजूची होते.

त्याच सुमारास कौसल्याबाई ऑफिसात आल्या. ढिवराच्या घरातल्या. नवरा गेल्यापासून मच्छीमार संस्थेचं काम त्याच बघत. बसल्या नाहीत. पदराखालून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत मेलेली मरळ होती.

"वास घ्या," त्या म्हणाल्या.

"बाई, फाईल खराब होईल."

"तलाव खराब झाला, तुमच्या फाईलीचं काय घेऊन बसल्या वो?"

गावाबाहेर उसना तांदळाची मिल झाली होती. धान वाफवल्यावर जे गढूळ, आंबट पाणी उरतं ते नालीने सरळ तलावात यायचं. पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यावर साय धरली. शिंगाड्याच्या वेली कुजल्या. रोहू आणि कतला पोटं वर करून तरंगले. मरळ चिवट मासोळी, चिखलातही जगते. तीही मेल्यावर कौसल्याबाईंनी भंडाऱ्याची बस धरली होती.

त्यांचा प्रश्न मी पहिल्याच भेटीत लिहून घेतला, तो असा. नाली जिथे तलावात उतरते तिथेच ढिवरांचा घाट आहे. मंडईच्या आदल्या सकाळी वर्षातलं पहिलं मोठं जाळं त्या घाटावरून पाण्यात जातं. जाळ्याला हळदकुंकू लागतं, घरातली मोठी बाई त्याचा काठ हातात धरते, आणि त्या जाळ्यातली मासोळी माहेरी आलेल्या लेकींच्या ताटात पडते. सासूने काठ धरला होता, मग कौसल्याबाईंनी धरला. आता घाटावर पाय ठेववत नव्हता. त्यांची मुलगी रंजना त्या वर्षी मंडईला आली आणि मासोळी न खाता परत गेली. मिलने नाली थांबवावी, तलाव पूर्ववत करून द्यावा आणि घाटावरून पुन्हा जाळं जावं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मला अर्जात मागता आल्या.

असा अर्ज एकट्यादुकट्याचा चालत नाही असं नाही, पण समूहाचा असला की वजन येतं. म्हणून मी वर्षभर त्या गावात दार वाजवत फिरले. शहरात लोकांनी आपसात ठरवलं हे सिद्ध करण्याचे पैसे घेतले होते. इथे लोकांनी एकदा तरी आपसात ठरवावं म्हणून पदरचं पेट्रोल जाळत होते. ढिवर तयार होते. शेतकरी तयार नव्हते. मिल त्यांचा धान घ्यायची, शिवाय तलावावरून दोघांचं भांडण आमच्या जन्माआधीपासूनचं. भांडण तुडुमाचं. पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायची जी मोरी, ती तुडूम. धानाला पाणी हवं असलं की शेतकरी तुडूम उघडणार, मासोळी वाचवायची म्हणून ढिवर तो बंद करणार. यादोरावांच्या आणि कौसल्याबाईंच्या घरांमध्ये एक गल्ली आहे. त्या गल्लीत तुडुमाशिवाय दुसरा विषय निघालेला कुणी ऐकला नव्हता.

"तिच्या मासोळ्या मेल्या तं मी काहून सही करू?" यादोराव म्हणायचे.

"त्याच्या शेतात ते पानी गेलं ना, तं करन," कौसल्याबाई पलीकडून ओरडायच्या. भिंत मध्ये असली तरी संभाषण चालू असायचं.

पाणी शेतात गेलं आणि यादोरावांनी सही केली. पण म्हणून दोघं एकत्र आले असं नाही. एकाच कागदावर आले. सुनावणी झाली, समिती नेमली गेली, पाहणीची नोटीस निघाली आणि तलाठ्याने गावात दवंडी दिली.

त्या शनिवारी मी पाळीवर चढले आणि थांबले. बेशरमाची झुडपं कापून एका बाजूला रचलेली. पाळीवर चुन्याची पांढरी रेघ. पाण्यावर साय नव्हती, वास नव्हता. तळ्यात आकाश दिसत होतं, आणि ते दिसू नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. गाव नवे कपडे घालून उभं होतं.

"कौसल्याबाई, पाणी कुठे गेलं?"

"सोडलं जी. तुडूम उघडून सारं घान पानी नाल्याले लावलं. मंग वरच्या बोडीचं पानी घेतलं."

"तुडूम उघडला कुणी?"

"मी उघडला," यादोराव पुढे आले. "आमच्या रब्बीचं पानी होतं ते, पर सोडलं. पाव्हणे येऊन रायले म्हटल्यावर घान दाखवाची का? गावाची इज्जत हाये ना."

"आणि ह्यांनी सोडू दिलं?"

"ते तं खुद कुदळ घेऊन आली."

"मेलेल्या मासोळ्या?"

"पुरल्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "वास येत होता ना वो."

"तो वास द्यायलाच मी त्यांना एवढ्या लांब आणलं होतं."

त्यांनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "कोनाच्या घरी सोयरे आले तं सारवून ठेवत नाई का आपन?"

मंडईच्या आधी तलावाचा काठ साफ करायची रीत होतीच, लेकीबाळी येतात म्हणून. समिती येते हे ऐकून त्यांनी ती रीत काही दिवस अलीकडे ओढली आणि काठाऐवजी अख्खा तलाव धुतला. ढिवर आणि शेतकरी एकाच वेळी, एकाच कुदळीने, तुडुमाच्या तोंडाशी. ज्या एकजुटीसाठी मी वर्षभर दारं वाजवली ती चार दिवसांत झाली होती, आणि माझा सगळा पुरावा वाहून गेला होता.

समितीच्या मुख्य बाई सौजन्यशील होत्या. "फार सुंदर तलाव आहे," म्हणाल्या. गावाला इतका आनंद झाला की टाळ्या पडल्या. तंत्रज्ञाने बाटल्या भरल्या, सील लावलं. मग सगळ्यांना चहा आणि उकडलेले शिंगाडे, वरच्या बोडीतले, त्या छोट्या तळ्यातले. मिलच्या मॅनेजरांनी दोनदा घेतले. त्यांना आग्रह करणाऱ्या कौसल्याबाईच होत्या. भांडण कोर्टात होतं, पंगतीत नव्हतं.

अहवाल यायचा तसा आला: पाणी स्वच्छ. पुढच्या सुनावणीत मिलच्या वकिलांनी आणखी एक मुद्दा काढला: अर्जदारांची प्रतिज्ञापत्रं शब्दाला शब्द सारखी आहेत, म्हणजे हे संगनमत आहे. मी मुंबईत हाच युक्तिवाद किती वेळा टाइप केला असेल. तो ऐकताना मला राग आला नाही. कुणीतरी आपली जुनी बॅग घेऊन जाताना दिसावं तसं वाटलं. मी एवढंच म्हटलं की नाली एकच असेल तर गोष्टही एकच निघेल. म्हणताना टपरीवरचा चहा आठवला आणि पुढचं वाक्य जरा चुकलं. न्यायाधिकरणाने दुसरी पाहणी मंजूर केली. या वेळी नोटिशीशिवाय.

म्हणजे ती कधीही होणार. आणि तोवर तलाव आहे तसा ठेवायचा. शाळेच्या वऱ्हांड्यात बैठक घेतली. मी सांगितलं: मिलचा हंगाम सुरू झाला की पुन्हा साय धरेल, धरू द्या. मेलेलं उचलू नका. काठाला हात लावू नका. ज्याने घाण केली त्यानेच ती काढावी, यासाठी तर आपण भांडतो आहोत.

कौसल्याबाई उभ्या राहिल्या. "म्हणजे पुढच्या मंडईलेबी लेकी येतील अन् आमी त्याइले हेच दाखवाचं?"

"पाहणी तोवर झाली नाही, तर हो."

"कोर्टाले खरं पाहाचं असन तं कोर्टानं उन्हाळ्यात याव अन् माह्या घरी राहाव. न्याय पाहिजे म्हणून घानीत बसाचं, हा कोनता कायदा होय?"

यादोराव म्हणाले, "कौसल्याबाई, कोर्ट शाकाहारी असन. तुमच्या घरी कायले येईल?"

हशा पिकला. त्या हशात त्या बसल्या नाहीत. तो ओसरल्यावर म्हणाल्या, "ठेवाचंच हाये तं सारा तलाव कायले ठेवता? नालीच्या तोंडाशी ठेवा. माहा घाट ठेवा. बाकीचा गाव साफ करन."

कायद्याच्या दृष्टीने ही सूचना निर्दोष होती. मिलचं पाणी जिथे उतरतं तिथलाच गाळ सर्वात बोलका असणार. मी ती लगेच मान्य केली. ती सूचना कुणी केली, कशाच्या बदल्यात केली, याची नोंद बैठकीच्या इतिवृत्तात नाही; इतिवृत्त मीच लिहिलं होतं. ठराव सर्वानुमते झाला एवढंच आहे.

त्यानंतरचं सगळं वकिलीत होतं तसं झालं. थंडीतल्या एका दुपारी समिती न सांगता आली आणि घाटावरचा गाळ घेऊन गेली. निकाल आमच्या बाजूने लागला: मिलने सांडपाणी शुद्ध करावं, नाली बंद करावी, घाटाचा गाळ स्वखर्चाने काढून द्यावा. नाली बंद झाली. गाळाच्या भागावर मिल अपिलात गेली, आणि वरच्या कोर्टाने हुकूम दिला की अंतिम निर्णयापर्यंत त्या जागेची स्थिती जैसे थे ठेवावी. जैसे थे हे दोन शब्द मी शेकडो वेळा मागितले आहेत, मिळवले आहेत. ते कसे दिसतात हे मला त्या घाटावर गेल्याशिवाय कळलं नसतं. काळा, भेगाळलेला, वर बेशरम माजलेली. बाकी तलाव स्वच्छ आहे. शिंगाडा पुन्हा लागला, रोहू परत आले, मरळही आहे म्हणतात. एक कोपरा सोडून.

मंडईच्या आदल्या सकाळी जाळं आता उत्तरेच्या बाजूने पाण्यात जातं. कौसल्याबाई तिथे येतात, पण काठ हातात धरत नाहीत. काठ रंजनाच्या चुलतीने धरला, मग आणखी कुणी. जाळ्याला फरक पडत नाही, मासोळी येते.

आज मी गेले ती एक काम घेऊन. अपिलाची तारीख लागत नाही. कधी लागेल हे कुणी सांगू शकत नाही. तेव्हा कोर्टाकडे परवानगी मागायची की गाळाचे नमुने सील होऊन पडलेलेच आहेत, आणखी फोटो घेऊ, आणि घाट गावाला साफ करू द्या. खटला थोडा सैल पडेल, बुडणार नाही. यादोरावांनी पाळीवरच सही केली. इतरांनीही केली. रंजना तिच्या लेकीला घेऊन आली होती. मुलगी आठवीत आहे, तिने घाटाबद्दल ऐकलं आहे, पाहिला आहे तो हा असा.

कौसल्याबाई त्यांच्या अंगणात शिंगाडे सोलत बसल्या होत्या. अंगठ्याच्या नखात काळं गेलेलं. अर्ज मी वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला.

"तवा तुमीच म्हटलं होतं ना, ज्यानं घान केली त्यानंच काढाव?"

"म्हटलं होतं."

"मंग?"

मी व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या. वेळ लागतो. हुकूम कधी काय होईल सांगता येत नाही. मंडई दरवर्षी येते.

"अन् मी दरवर्षी येनार नाई, हेच म्हणता ना? तं म्हना ना तोंडानं. वकील होऊन लाजता कायले?"

रंजना मागून म्हणाली, "माय, कर ना सही. बाई एवढ्या दुरून आल्या."

"त्याइले मी शिंगाडे देऊन राहिली. सही नाई देत." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "त्या टायमाले आपनच उचललं तं केस बुडून राहिली होती. आता उचललं तं त्याइनं टाकलं होतं हे कोन म्हनल? माहा घाट हाये. पडू द्या तसाच. मिलवाला येईल, उचलन, तवा मी पाहीन. मी नसली तं हे पोरगी पाहीन."

मुलगी शिंगाडा चघळत होती. तिने मान हलवली. कशाला ते तिला माहीत असेल असं नाही.

यादोराव गल्लीतून ओरडले, "काय म्हणते वो ते, वकीलबाई?"

"नाही म्हणतात."

"मले मालूम होतं. ते तुडूम बंद करणाऱ्या घरची हाये."

"अन् उघडून घालवणाऱ्याइच्या शेजारी राहून राहिली," आतून उत्तर गेलं. दोघांचाही आवाज मला प्रसन्न वाटला.

अर्जदार क्रमांक एकला वगळून अर्ज करता येतो. कायद्यात तशी सोय आहे, आणि बाकी सगळ्यांच्या सह्या माझ्याजवळ आहेत. मुंबईत असते तर सोमवारी दाखल केला असता. त्या जे बोलल्या ते शाळेतल्या बैठकीत मीच बोलले होते, आणि तेव्हा त्याच एकट्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या की घाणीत बसून न्याय कसला. आमच्या दोघींच्या बाजू कधी बदलल्या, ते शोधायला माझ्याकडे ईमेल नाहीत.

परतताना भारी धानात हार्वेस्टर उतरला होता. त्याला लाखोळीचे अंकुर दिसत नाहीत, तो सरळ जातो. दूरच्या गावात दंडारीचा ढोलक लागला. फाईलवर शिंगाड्यांची पिशवी ठेवली होती, तिच्यातून पाणी ओघळून सह्यांच्या पानाचा कोपरा भिजला. सह्या वाचता येतात.

लाखनीत घरी आल्यावर यादी काढली. यादोरावांची सही: काट. घाटाचे फोटो: काट. आईसाठी शिंगाडे: काट. शेवटचं काम शाळेतल्या त्या बैठकीपासून प्रत्येक नव्या यादीत उतरवत आले आहे. घाट साफ करणे. त्यापुढे आधी मी मिलचं नाव लिहीत असे. काल रात्री ते खोडून गावाचं लिहिलं होतं. आता तेही खोडलं. आणि वडील म्हणायचे ते ठाऊक असूनही, पुढची जागा तशीच रिकामी ठेवली.